सनई आमच्याही गाडीत वाजते

अंबापेठ, अमरावती
कार्तिक वद्य दशमी, सन १९६१

चिरंजीव बापूसाहेब भाऊजी यांस थोरल्या वहिनीचे भरपूर आशीर्वाद. (मी तुमच्यावर रागावलेली आहे, पण आशीर्वादात त्यासाठी काटछाट केलेली नाही. राग खाली येतो आहे.) तुमचा दमा कसा आहे? थंडी पडली की अंजनगावच्या पानमळ्यांतला सगळा ओलावा तुमच्या छातीत मुक्कामाला येतो, तेव्हा मफलर गळ्याला बांधत जा, खुंटीला नको. चि. अनुपमेला सांगा, लग्न ठरलं म्हणून जेवण कमी करू नये. नवरदेव ताडमाड आहे असं ऐकते. त्याच्या गळ्यात माळ घालायची तर हातात जोर पाहिजे.

हे पत्र मी स्वतः लिहून राहिले आहे, हे अक्षरावरून कळलंच असेल. मी मराठी तिसरीपर्यंत गेले, तीही गोवर निघाल्यामुळे अर्धीच झाली. तरी आमच्या मोरोपंताला लिहायला सांगितलं नाही, कारण तो वकील पडला. मी म्हणावं, ‘भाऊजींनी माझ्या तोंडाला पानं पुसली’, की तो लिहितो, ‘आपल्या निर्णयाने मातोश्रींस किंचित खेद झाला.’ किंचित! कुंदाला, म्हणजे सूनबाईला, सांगावं तर ती टाक उचलून धरते आणि ‘हे असंच लिहायचं का, आई?’ असं दर ओळीला विचारते. म्हणून दौत, चष्मा आणि मी, तिघंच बसलो आहोत.

आता राग. पाडव्याला तुमचं कार्ड आलं. आचारी ठरला, मांडव ठरला, सगळं ऐसपैस लिहिलं आणि शेवटी, तिकिटाच्या खाली, जसं काही जाता जाता आठवलं अशा बेतानं, ‘नवरदेवास वऱ्हाडाच्या जानोशावरून मांडवात आणण्यासाठी अकोल्याच्या जमुनावहिनींची मोटर घेण्याचे ठरले आहे, कारण तीत सनई वाजते.’ भाऊजी, आपल्या घरात नवरदेव थोरल्या घरच्या वाहनात बसून मांडवात येतो. हे मी ठरवलेलं नाही, मी या घरात यायच्या आधीपासून चालत आलेलं आहे. मोटरी नव्हत्या तेव्हा आमची दमणी होती, लाल छताची, बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा. तुमची स्वतःची वरात त्याच दमणीतून निघाली. तुम्ही वाटेत उतरून पळण्याच्या बेतात होते म्हणून तुमच्या दादांनी तुमचा शेला दमणीच्या दांडीला बांधून ठेवला होता. तुम्हाला आठवत नसेल, मला आठवतं. गाठ मी मारली होती. आणि जमुना! तुमच्या मधल्या भावाची, रामरावांची, नवरी होऊन ती या घरात आली तीही आमच्याच दमणीतून, दर कोसाला उलटी करत. (दमणी मागून कोणी धुतली ते विचारू नका.) त्याच जमुनेच्या मोटरीतून आता नवरदेव येणार आणि मी काय करू, मांडवात बसून अक्षता निवडू?

मला जमुनेचा हेवा वाटत नाही. हे इथेच लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा गैरसमज व्हायला नको. तिच्याकडे विजेचा पंखा आहे. मला तशीही थंडी मानवते. तिच्याकडे चिनी मातीचा बारा कपांचा सेट आहे. आमच्याकडे येणारी माणसं पितळेच्या पेल्यात चहा पिऊनही परत येतात. तिचे दात या वयातही तिचेच आहेत. त्याबद्दल मी काही बोलत नाही. खायला ती भाताशिवाय काही खात नाही, दातांचा उपयोग ती फक्त हसायला करते.

पण दसऱ्याला मी अकोल्याला, जठारपेठेत, तिच्याकडे उतरले तेव्हा काय झालं ते ऐका. जमुना म्हणाली, चला मोठ्या बाई, तुम्हाला मोटरीतून राजराजेश्वराच्या दर्शनाला नेते. मी पदर सावरला आणि थोरली म्हणून पुढच्या दाराकडे निघाले. तर पुढच्या सीटवर, लाल मखमलीच्या लोडावर, फोनो! चावीचा, तबकड्यांचा फोनो, नवरीसारखा सजवून बसवलेला. जमुना म्हणते, ‘तुम्ही मागे बसा नं मोठ्या बाई, पुढे यंत्र आहे.’ मागे कोणाकडे तरी पोचवायची लिंबांची टोपली होती. म्हणजे यंत्र पुढे आणि मी मागे, लिंबांसोबत. मग तिनं चावी भरली, तबकडी फिरायला लागली, आणि आवाज फोनोतून यायच्या ऐवजी गाडीच्या रेडिओतून आला! केवढा मोठा म्हणता, जसा काही सनईवाला इंजिनावर मांडी घालून बसला आहे. रस्त्यातली माणसं थांबून पाहून राहिली. एका म्हाताऱ्यानं तर नवरदेव समजून मला नमस्कार केला. जमुना हसून राहिली. सगळे दात.

(एक गोष्ट मात्र मी तिथेच हेरली. गाडी उभी असली की सनई गोड वाजे, पण चालायला लागली आणि खड्डा आला की फोनोची सुई उडे आणि सनई पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. देवळापर्यंत ती एकदाही पुरी झाली नाही, नुसती उचकी लागल्यासारखी चालली होती. जमुनेला मी हे बोलले नाही. काही आनंद माणसानं एकट्यानं करायचे असतात.)

परत आल्यावर मोरूला म्हटलं, आपल्या गाडीत रेडिओ आहे की नाही? आहे म्हणाला. आमचा रेडिओ कंपनीतूनच गाडीसोबत बसून आलेला आहे, जमुनेसारखा मागाहून ठोकलेला नाही. मग त्यातून फोनो काहून वाजत नाही? तर मोरू म्हणाला, ‘आई, कंपनीच्या रेडिओत आकाशातून येईल तेवढंच ऐकायचं असतं. बाहेरचं काही जोडायची त्यात सोयच ठेवलेली नसते.’ मी म्हटलं, कंपनीत तुझी आई नव्हती म्हणून.

बडनेऱ्याला रेल्वेत तारांच्या खात्यात बुधाजी म्हणून आहेत, हाताखाली वीस माणसं. मोरूनं त्यांची कुठलीशी केस चालवली होती, त्या ओळखीवर ते रविवारी आले. मी जुन्या सवयीनं ‘अरे बुधा’ म्हणून हाक मारली. त्यांनी स्क्रू पिळायचा पेचकस खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाले, ‘आजी, आमच्या बडनेऱ्यात साहेबापासून हमालापर्यंत सारे मले बुधाजी म्हणतात. तुमी नाही म्हटलं तर काय होते, माझ्या हातून तार उलटी जोडल्या जाते.’ माणूस मला एकदम पसंत पडला. दुसऱ्याच्या दारात उभं राहून इतकं सरळ बोलणारं माणूस मी आरशाखेरीज कुठे पाहिलं नव्हतं. तेव्हापासून बुधाजी, अहो-जाहो, आणि चहा घरातल्याच पेल्यात. (शेजारणी कुंपणावरून पाहून राहिल्या होत्या. पाहू दे. त्यांच्या गाडीत फोनो बसवायला कोण येतं ते मीही पाहते.)

बुधाजींनी आमच्या घरच्या फोनोचं जुनं मुंडकं काढून तिथे दुसरं बसवलं. त्याला ते पिकप म्हणतात. त्याच्या शेपटीतून तार निघते. रेडिओत जिथे आवाज लहानमोठा करायचं बटण असतं, तिथे ती तार नेऊन जोडायची, म्हणजे आकाशातला आवाज ज्या दारानं आत येतो त्याच दारानं तबकडीचा आवाजही आत येतो. इतकं सोपं आहे. जमुना जणू विमान बनवल्यासारखी सांगत होती. फक्त बुधाजी म्हणाले की दोन्ही आवाज एकाच दारातून घुसतील, तेव्हा मधे एक खटका पाहिजे. खाली केला की आकाश, वर केला की फोनो. त्यासाठी पुढच्या फळीला करंगळीएवढं भोक पाडावं लागेल. मी म्हटलं, भोक पाडायचं नाही. चांगल्या घरच्या गाडीच्या तोंडाला भोक? बुधाजींनी समजावलं, मोरूनं समजावलं, मी समजून घेतलं आणि भोक पाडू दिलं नाही. शेवटी बुधाजी म्हणाले, ‘मंग रेडिओचा काटा रिकाम्या जागी ठेवा, जिथी काहीच ऐकू येत नाही. अन् त्याले कोणी हात लावू नका. कोणी म्हणजे कोणीच नाही, आजी.’ माझ्याकडे पाहून का म्हणाले कोण जाणे.

राहिली सुई उडण्याची गोष्ट. जमुनेला जे जमलं नाही ते मी जमवलं. मोठी पितळी परात घेतली, पुरणपोळीच्या वेळची, आणि त्यात गाद्यांसाठी पिंजून आणलेला कापूस दाबून भरला. त्यावर फोनो ठेवला. वऱ्हाडातल्या बाईनं मखमलीवर कशाला विसंबावं? हलवून पाहिलं तर फोनो पाळण्यातल्या लेकरासारखा डुलला. बुधाजी असते तर काही बोलले असते, पण ते बडनेऱ्याला गेले होते आणि मी काही त्यांची वाट पाहिली नाही.

पौर्णिमेला जमुना अंबादेवीच्या दर्शनाला अमरावतीला आली. (देवीनंच पाठवली.) मी म्हटलं, चल जमुने, तुला आमच्या मोटरीतून नेते. तिला मागे बसवलं, कुंदाच्या शेजारी. पुढे मोरू, मधे परात, खिडकीशी मी. चावी भरली, सुई टेकवली, आणि भाऊजी, काय सांगू! सनई अशी लागली की मोरूच्या डोळ्यांतसुद्धा पाणी आलं. (कापसाचे तंतू उडून राहिले होते, त्यानंही असेल.) अंबागेटापाशी माणसं वळली. राजकमल चौकापर्यंत सुई एकदाही उडाली नाही. मी आरशातून मागे पाहिलं. जमुनेचं तोंड मिटलेलं होतं. एकही दात नाही. चाळीस वर्षांत मला त्या बाईचं तोंड इतकं आवडलं नव्हतं.

आणि ऐन चौकात जमुनेनं मागून हात घालून काटा फिरवला. लगेच सनईच्या मागून एक भारदस्त माणूस बोलायला लागला. नागपूरहून शेतकरी बांधवांना सांगत होता, कापूस कसा वेचावा. सनई चाललेली आणि तो म्हणतो, बांधवांनो, किडका माल वेळीच ओळखा. चांगल्या मालात मिसळून तो दुसऱ्याच्या गळ्यात बांधू नका. वरून सनई. चौकातली माणसं हसून राहिली. एका पानवाल्यानं विचारलं, ‘काहो, नवरदेवाकडले का नवरीकडले?’ मी बटणं फिरवली तर भारदस्त माणूस आणखी मोठ्यानं बोलायला लागला. तेवढ्यात फोनोनं परातीतला कापूस खायला सुरुवात केली. सुईला कापसाची दाढी आली, सनई घशात पुरण अडकल्यासारखी घोगरी झाली, मग चावीच्या यंत्रात तंतू गुंतले आणि तबकडी हळू हळू होत गेली. सनई हळू वाजली की कशी लागते, तुम्ही ऐकलं नसेल. म्हैस अडली की गोठ्यातून जो आवाज येतो, तसा. पानवाला म्हणाला, ‘नवरीकडलेच होय.’ मोरूनं घाबरून पाय दाबला, पायाला तार गुंतलेली होती, ती तटकन् तुटली आणि रेडिओ नुसता घूं घूं करत बसला. मागून जमुना म्हणाली, ‘चांगलं आहे हो मोठ्या बाई. आमच्यात हे भाषणाचं नाही.’ दात परत आले होते.

पुढच्याच रविवारी बुधाजी आले. यंत्रातून त्यांनी वातीच्या वाती काढल्या आणि माझ्या समोर ओळीनं ठेवल्या. मग मी भोक पाडू दिलं. दोन मिनिटांचं काम, आणि गाडीचं तोंड उलट भरल्यासारखं दिसतं. खटका वर, खटका खाली. भारदस्त माणूस आता बोलावल्याशिवाय येत नाही. आणि उडण्यावर त्यांनी जो उपाय सांगितला तो ऐका. म्हणाले, परात नको, लोड नको, ‘मानसाची मांडी घ्या. मांडीवानी स्प्रिंग कोण्या कंपनीनं काढली नाही अजून.’ कुंदाच्या मांडीवर ठेवून पाहिला. ती काडी, सुई टणाटण उडाली. मोरूची मांडी वकिलाची, सारखी हलते. मग माझ्या मांडीवर ठेवला आणि गाडी बडनेऱ्याच्या रस्त्यानं काढली. त्या रस्त्याची दशा तुम्हाला माहीत आहे. तबकडीची एक बाजू पुरी वाजली. उलटली, दुसरी पुरी वाजली. सुईनं हूं की चूं केलं नाही. बुधाजींनी हात जोडले आणि म्हणाले, आजी, रेल्वेत असं सामान नाही आमच्याकडे. मला आजवर जाड म्हणणाऱ्या सगळ्यांची नावं त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोरून गेली. पहिलं कोणाचं ते तुम्ही ओळखा.

तेव्हा भाऊजी, आता निमित्त उरलं नाही. सनई आमच्याही गाडीत वाजते, जमुनेच्या गाडीपेक्षा सलग वाजते, आणि रेडिओ कंपनीचा आहे. नवरदेव थोरल्या घरच्या गाडीतूनच मांडवात आला पाहिजे. जमुनेला कसं सांगायचं ते तुमचं तुम्ही पाहा; तुमच्या लग्नात मारलेली गाठ मला अजून मारता येते. घरात सगळ्यांना आशीर्वाद. कळावे, आणि कळले असे उत्तरातून कळवावे.

तुमची थोरली वहिनी,
सत्यभामा

ता. क. कुंदानं पत्र वाचलं. (मी दिलं नव्हतं.) म्हणते, मागच्या सीटवरून काट्यापर्यंत हात पोचत नाही, तिनं स्वतः बसून, वाकून पाहिलं. असेल. मी चौकात आवाज जरा मोठा करायला गेले होते आणि दोन्ही बटणं सारखीच गोल आहेत. तरी जमुना मागे बसून मनातून काटा फिरवतच होती, हे मी देवीची शपथ घेऊन सांगते.

आणखी ता. क. बुधाजी गेल्यापासून पाच दिवस मी दुपारी दोन तास दारातल्या उभ्या गाडीत बसून गल्लीतल्या बायकांना सनई ऐकवत होते. शेजारच्या ज्या बायका कुंपणावरून पाहत होत्या, त्याही मागच्या सीटवर येऊन बसायला लागल्या. मोरू आज म्हणतो की इंजिन बंद ठेवून रेडिओ चालवला की तो गाडीची बॅटरी खातो. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं तो हवेवर चालतो. आता गाडी हँडल मारून सुरू होते, पण सनई लावली की बंद पडते. गाडी चालते तेव्हा गात नाही आणि गाते तेव्हा चालत नाही. नवी बॅटरी मुंबईहून यायची आहे, ती मार्गशीर्ष उलटल्याशिवाय येत नाही आणि लग्न शुद्ध दशमीला. वर मी लिहिलं आहे की नवरदेव आमच्याच गाडीतून आला पाहिजे. ते खोडायचं म्हटलं तर पान खराब होतं, म्हणून तसंच ठेवलं आहे. वाचून सोडून द्या.

तिसरा ता. क., हा एकट्यानं वाचा. नवरदेव जमुनेच्या गाडीत बसवा. पण मांडवाच्या दारात, जावयाचं पाऊल पडता पडता, तिच्या सनईला उचकी लागली आणि ती पाचव्यांदा पहिल्यापासून सुरू झाली तर विहिणी काय म्हणतील? घरात लाज एकट्या जमुनेची जात नाही, सगळ्यांची जाते. फोनोला मांडी पाहिजे. जमुनेच्या मांडीवर मांजरसुद्धा टिकत नाही. मांडी मी घेऊन येते. मात्र पुढची सीट, खिडकीशी. तुम्ही जमुनेला लिहा की मोठ्या बाई मुळीच तयार नाहीत, तूच गळ घाल. तिनं गळ घातली की मी दोनदा नाही म्हणेन. तिनं तिसऱ्यांदा विचारलंच पाहिजे, तेवढं तुम्ही सांभाळा. दोनदा विचारून गप्प बसण्याची तिची जुनी खोड आहे.

जमुनेला मागे बसवा, नवरदेवाच्या शेजारी. लिंबांची टोपली मी इथून भरून आणते.